हात पोचेल तिथे

उज्वला पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभी राहिली तेव्हाच तनुजाने ओळखलं, की काम मोठं आहे.

"अगं तनुजा, किती वाळलीस गं! खात न्हाईस का काय?" थोरली जाऊ म्हणाली. मागे तिची मुलगी शिवकन्या, आणि शिवकन्येच्या खांद्याचा आधार घेत सासूबाई, म्हणजे दोघी सुनांच्या आत्याबाई, धोंडाबाई. म्हातारीला एवढ्या लांब हदगावहून आणलंय म्हणजे वजन टाकायलाच आणलंय, हेही तनुजाला कळलं.

काम चहा निवायच्या आत बाहेर आलं. शिवकन्या दहावीला शाळेत पहिली आली होती. तिला डॉक्टर व्हायचं होतं, आणि त्यासाठी दोन वर्षं लातूरला क्लास करायचे होते.

"आता हॉस्टेलचं पाण्यासारखं वरण कशाला खायाचं पोरीनं?" उज्वला म्हणाली. "घरचं माणूस लातूरला असताना परक्याच्या दारात ठेवलं तर लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतील," तनुजा शांतपणे म्हणाली, "हे तुम्हाला कधीपासून विचारावं लागायला लागलं, अक्का?"

उज्वला हसली, जणू थट्टाच होती. पुडा तिने स्वतः फोडून पेढे वाटले. तनुजाच्या हातचा चहा मात्र तिच्यापुढे तसाच होता. धोंडाबाईंनी तर कपाला हातही लावला नव्हता.

तो कप उचलताना तनुजा म्हणाली, "राहण्याचं संध्याकाळी बोलू. आधी विज्ञान केंद्र बघून येऊ. शिवकन्येला आवडेल."

ही वेळ येणार, हे तिला ठाऊक होतं. मराठवाड्यात मूल हुशार निघालं की ते एक दिवस लातूरला येतंच. तिने नुसती वाट पाहायची होती, आणि वाट पाहणं तिला चांगलं जमत असे.

तनुजा लग्न होऊन हदगावच्या घरी गेली ती रसायनशास्त्रात एम. एस्सी. होऊन. पहिल्याच पावसाळ्यात उज्वलाच्या अंगावर काळ्या फुल्या उठू लागल्या. आज एक, परवा दुसरी. घर हादरलं. उमरीकडचा कोणी जाणता आणला, त्याने लिंबू कापलं, तांदूळ उधळले आणि सांगितलं, घरात नवं पाऊल आलंय, भानामती त्या पावलानं आलीय. तनुजा सांगत राहिली, की हे बिब्ब्याचं तेल आहे, बिब्ब्याने कातडी भाजून काळी पडते. "बघा, हिला सगळी माहिती हाय," भावकीतल्या बायका म्हणाल्या. तिला माहिती होती, हाच पुरावा झाला.

मग लोह्याहून तिच्या वडिलांना बोलावून घेतलं. ते शाळामास्तर होते. ज्याने गावात कोणाला मान खाली घालून नमस्कार केला नव्हता त्या माणसाने बैठकीत, सगळ्या भावकीसमोर, हात जोडून म्हटलं, "पोरीचं चुकलं असेल तर पदरात घ्या." पोरीचं काही चुकलेलं नव्हतं. ते जाताना तनुजाशी बोलले नाहीत, आणि पुढे हदगावच्या वाटेला कधी गेले नाहीत. वारले तोपर्यंत नाही.

बालाजीने, तिच्या नवऱ्याने, लातूरला नोकरी धरली आणि बिऱ्हाड हलवलं. तो भला माणूस होता. त्याचं सगळं शहाणपण "जाऊ दे" या दोन शब्दांत मावत असे. आजही तो विष्णुपुरीला कॉलेजच्या कामाला गेला होता, आणि निघताना म्हणाला होता, "आलेत तर नीट बोल. जुनं उकरू नको."

ती नीटच बोलत होती.

विज्ञान केंद्रात गर्दी होती. "हात लावू नये" अशी पाटी इथे कुठेच नव्हती. सगळं हात लावून, ओढून, फिरवूनच बघायचं. शिवकन्येने सायकल मारून दिवा पेटवला. वाकड्या आरशापुढे धोंडाबाई थबकल्या.

"अगं बया! ह्यात तर मी तरणी दिसून राहिले की!"

"आज्जी, तो माणूस बारीक करणारा आरसा हाय," शिवकन्या म्हणाली.

"मंग घरी का न्हाई लावत असला? तुझ्या आईला लई कामी यील."

हॉलच्या दोन टोकांना दोन मोठ्या वाट्यांसारख्या तबकड्या होत्या. एकीत कुजबुजलं की दुसरीत ऐकू येई. शिवकन्या पळत जाऊन पलीकडे काहीतरी बोलली आणि म्हातारी दचकून ओरडली, "मेले, तोंडातच हाय माझी कवळी!" आजूबाजूची पोरं खदखदून हसली. उज्वलाही हसली. तनुजाही. मुलगी चांगली होती, हसरी, आणि दिसेल त्याला "असं का?" विचारणारी. ही आपल्याकडे राहिली असती तर आपल्याला आवडलं असतं, असं तनुजाच्या मनात आलं. तिने ते बाजूला ठेवलं.

"इकडे या," ती म्हणाली. "हे टेबल मी केलंय."

केंद्र सुरू होताना तनुजासारख्या शहरातल्या शिक्षकांकडून प्रयोग मागवले होते. कोणी पवनचक्की दिली, कोणी ज्वालामुखी. तनुजाने हे दिलं. खर्च काहीच नव्हता म्हणून लगेच मंजूर झालं. एक मोठा आरसा, हळदीत रंगवलेले पांढरे डगले, साबणाच्या पाण्याची वाटी आणि एक ब्रश. शेजारी बंद काचेच्या बरणीत चार काळे बिब्बे. वर पाटी: 'अंगावरच्या फुल्या : कोण काढतं?'

उज्वला पाटी वाचून जागीच उभी राहिली. तिच्या डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, अजूनही त्या फुल्यांचे फिकट डाग होते. तिने पदर हातावर ओढला.

"शिवकन्या, डगला घाल," तनुजा म्हणाली. "डोळे मीट. ब्रश साबणाच्या पाण्यात बुडव आणि स्वतःच्या अंगावर जिथे जमेल तिथे फुल्या काढ."

"हळदीवर साबण पडला की लाल होतं, न्हाई का काकू? आमच्या साड्यांवर होतं तसं."

"तसंच."

मुलीने डोळे मिटून फुल्या काढल्या. पिवळ्या कापडावर लाल लाल फुल्या उमटत गेल्या. डोळे उघडून तिने आरशात पाहिलं.

"आता बघ, कुठे कुठे आल्यात?"

"डाव्या हातावर लई. पोटावर. मांडीवर." ती वळली, मान मागे करून पाहू लागली. "पाठीवर एकबी न्हाई. उजव्या हातावर बी न्हाई."

"का?"

"उजव्याच हातात ब्रश हाय ना, काकू. त्याच हातानं त्याच हातावर कशी काढणार? आन् पाठीवर हात पोचतच न्हाई."

"आता डगला बदल. मी काढते तुझ्यावर." तनुजाने दुसरा डगला चढवला आणि मुलीच्या पाठीवर, मानेखाली, दोन्ही दंडांवर फुल्या ओढल्या. "दुसऱ्याने काढल्या की कुठेही येतात. पाठ तर सगळ्यात सोपी. म्हणून फुल्या दिसल्या की आधी पाठ बघायची."

शिवकन्या हसत होती. मग हसता हसता तिची नजर आईच्या हाताकडे गेली. त्या हाताची गोष्ट ऐकतच ती मोठी झाली होती. काकूने आल्या आल्या भानामती केली, आईचं अंग फुल्यांनी भरलं, आई मरता मरता वाचली. आता तसलं काही उरलं नाही, असं सांगूनच तिला इथे आणलं होतं.

"आई," ती म्हणाली, "तुझ्या पाठीवर हायत का?"

उज्वलाने पदर आणखी खाली ओढला.

"मी तुझी पाठ चोळलीय किती बारी. एकबी न्हाई. उजव्या हातावर बी न्हाई."

"गप बस. चला इथून."

"अक्का," तनुजा म्हणाली. आवाज तिने वर्गात ठेवते तेवढाच ठेवला. "भावजींना फोन लावा. स्पीकरवर टाका, आणि खरं काय ते सांगा. मग शिवकन्या दोन वर्षं माझ्याकडे राहील. मी स्वतः तिची केमिस्ट्री घेईन. नाही सांगितलं तर तिने माझ्या दारात बॅग आणू नये."

"तनुजा, अगं इथं? इतक्या माणसांत?"

"माझे वडील किती माणसांत उभे होते?"

उज्वलाने सासूकडे पाहिलं. म्हातारी आरशाकडे पाहत होती. तिने मुलीकडे पाहिलं. मुलगी तिच्याचकडे पाहत होती. तिने फोन लावला.

उज्वलाचे यजमान हणमंतराव मोंढ्यात, धान्याच्या बाजारात होते. मागे हमालांची आरडाओरड, सोयाबीनच्या भावाचा पुकारा.

"हां, बोल. झालं का पोरीचं काम?"

"अहो... ते बिब्बे... मीच लावले व्हते."

"काय? मोठ्यानं बोल, इथं लिलाव चालू हाय!"

"बिब्बे. त्या टायमाला. अंगावर."

"ऐकू येईना गं! थांब, स्पीकरवर टाकतो. हां, कोणाच्या अंगावर काय?"

उज्वलाने डोळे मिटले आणि ओरडली, "माझ्या अंगावर फुल्या मीच काढल्या व्हत्या! भानामती न्हवती! तनुजानं काय केलं न्हवतं!"

तबकड्यांशी खेळणारी पोरं वळून पाहू लागली. फोनमधून फक्त मोंढ्याचा आवाज येत राहिला. मग पलीकडे कोणीतरी विचारलं, "काय म्हणली वहिनी?" आणि दुसऱ्या कोणीतरी ते त्याला सांगितलं. भावकीतलेच आवाज होते. तनुजाने ते एकेक ओळखले.

"का केलंस?" हणमंतरावांनी विचारलं.

"सगळे तिचंच कवतिक करायचे." उज्वला रडू लागली. "मी दिसभर रानात, आन् ही पुस्तक घेऊन सावलीत. आत्याबाई बी म्हणायच्या, धाकटी लक्ष्मी हाय."

धोंडाबाई बाकावर टेकल्या.

"बिब्बे माझ्या डब्यातले गेले व्हते," त्या कोणाकडेही न बघता म्हणाल्या. "टाचांना लावायला ठेवलेले. मला त्याच दिशी कळलं व्हतं."

तनुजाने या एका गोष्टीची तयारी केली नव्हती. तिने हिशेब एकाच बाईचा मांडला होता.

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर ही माहेरी गेली असती. घर, रान, गुरं कोण बघणार व्हतं? तू शिकलेली. तुझं कुठंबी निभलं असतं." म्हातारीने मान वर केली. "निभलं की."

तनुजाने उज्वलाच्या हातातला फोन घेतला आणि सासूच्या तोंडापुढे धरला.

"भावजी, आत्याबाई इथेच आहेत. त्यांनाही विचारा."

"आई?" हणमंतरावांचा आवाज बारीक झाला. "तुला ठाऊक व्हतं?"

म्हातारीने फोनकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. तनुजाने हात जराही मागे घेतला नाही.

"हाव," धोंडाबाई म्हणाल्या.

फोन पलीकडून बंद झाला.

शिवकन्या डगला काढत होती. काढून तिने तो नीट घडी घालून टेबलावर ठेवला.

"काकू, तुम्ही मलाच का घालायला लावला हा?"

"दुसऱ्या कोणाचं तुझ्या आईने ऐकलं नसतं," तनुजा म्हणाली. तिला खोटं बोलता आलं असतं. या मुलीशी बोलावंसं वाटलं नाही.

मुलीने मान हलवली, गणिताची पायरी पटल्यावर हलवतात तशी. "मला हॉस्टेल बघून द्या," ती म्हणाली. "तुमच्याकडं न्हाई राहायचं मला. घरी बी न्हाई जायाचं लवकर."

"असं नको करू बाळा, मी सांगितलं की सगळं!" उज्वला म्हणाली. "तनुजा, तू शब्द दिलाय!"

"मी दिलाय. ती नको म्हणतेय." तनुजाने टेबलावरच्या डगल्याची घडी उगाच पुन्हा सरळ केली. "चांगलं हॉस्टेल बघून देईन, शिवकन्या. जेवण मी स्वतः चाखून बघेन."

त्या दाराकडे निघाल्या तसा उज्वलाचा फोन पुन्हा वाजू लागला. तिने नाव पाहिलं. भावकीतले सगळ्यात वडीलधारे, शेषेराव. फोन वाजून थांबला. लगेच दुसऱ्याचा आला, मग तिसऱ्याचा. उज्वला तो हातात धरून, विस्तव धरावा तशी उभी होती.

"घ्या की," तनुजा म्हणाली. "आणि मोठ्यानं बोला, अक्का. मोंढ्यात ऐकू येत नाही."