पांढरी पानं

आमच्या ह्यांना कुणी फेकलेली वस्तू दिसली की हात शिवशिवतात. सुनेला आणायला रोज तिच्या प्रयोगशाळेत जातात. तिथे मागच्या दाराशी टाकलेली फवाऱ्याची बाटली दिसली, झालं! घरी आणून खळबळली आणि खिडकीतल्या मोहरीवर पाणी मारायला घेतली. सुनेला दिवस गेलेत, ताजं काही खावंसं वाटतं, म्हणून ती मोहरी ह्यांनीच हौसेने लावलेली. ती सकाळी उठून चार पानं खुडून तशीच खायची.

आज ती खुडता खुडता थांबली. जुनी पानं हिरवीगार, नवी मात्र पांढरीफटक.

"ऊन लागत नसेल गं," मी म्हटलं.

तिचं लक्षच नव्हतं. तिने बाटली उचलून उलटसुलट करून पाहिली. "बाबा, ही कुठून आणलीत?"

ह्यांनी सांगितलं. तिच्या तोंडचं पाणीच पळालं. म्हणाली, "यात जंतूपासून काढलेलं विष होतं. दुसऱ्या जंतूंच्या पोटात आरएनए बनवणारं यंत्र असतं, त्यात हे जाऊन अडकतं. आरएनए बनेना की जंतू खलास. पानाला हिरवं करणाऱ्या कणांतही तसलंच यंत्र असतं, म्हणून नवं पान पांढरं येतं."

"आणि माणसात?" मी विचारलं.

"आपली यंत्रं वेगळी. पण त्यातलंही एखादं अडकू शकतं. पोटातल्या बाळाला याने काय होतं ते कुणी तपासलेलंच नाही, आई."

ती प्रयोगशाळेतल्या साहेबांना फोन करायला आत गेली. माझी जीभ थांबेना. "कुठली अवदसा आठवली तुम्हाला! जन्मभर उकिरडे फुंकलेत, आता नातवंडाच्या जिवावर उठलात!"

हे खिडकीपाशी गेले, सगळी पांढरी पानं ओरबाडली आणि तोंडात कोंबली.

"अहो!" मी किंचाळले.

सून धावत आली, हातात रिकामी डबी. तिने लहान मुलाच्या घालावीत तशी ह्यांच्या तोंडात बोटं घातली. "थुंका, बाबा, थुंका!"

ह्यांनी गिळून टाकलं होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "काय व्हायचं ते आधी मला होऊ दे, पोरी. म्हणजे तुला कळेल तरी."

"असं नाही हो कळत, बाबा," ती रडायलाच लागली. "साहेबांनी ती पांढरी पानंच मागवली होती. पानात विष किती उतरलंय ते मोजूनच डॉक्टर काही सांगणार होते."