भिंतीवरची जोडी अन कोपऱ्यातलं नाव

मित्रांनो, राजापेठच्या चौकात उभा राहून, भल्या मोठ्यानं शपथ घेतो: याच्यातला शब्द न शब्द खरा आहे. खोटा निघाला तं माझे उरलेसुरले केसही झडो!

मी एक जुना ब्रश आहो. बारीक, खारीच्या केसांचा. अब्दुल गफ्फार पेंटरच्या हातात माझी जिंदगी गेली. दुकानाची पाटी मोठे ब्रश रंगवत, मी शेवटी निघो. चित्राचे डोळे अन खालच्या कोपऱ्यातलं नाव, एवढंच माझं काम. 'गफ्फार पेंटर, राजापेठ.' तिवस्याची पाटी पाहून रिद्धपूरचा माणूस पत्ता पुसत ये. तेच आमची जाहिरात.

मंग फ्लेक्स आले. गफ्फारमियाचा हात थरथराले लागला. मी डब्यात पडलो.

त्यायची नात शाहीन मात्र चित्रं काढे, अन लय सुंदर काढे. पण चित्र फोनवर टाकलं का दर घडीले पाये, कोणाले आवडलं, कोणाले नाही. लोक म्हणत, "रोज टाक, नाहीतं इसरतात." एकदा मले पाण्यात बुडवलं अन फोन वाजला. सांज होईपर्यंत मी पाण्यातच! केस वाकडे झाले.

एक दिवस ती रडली. "दादाअब्बा, मले नाही जमत हे. चित्रंच सोडते."

"सोड," गफ्फारमिया म्हणाले. "पण आधी तिवस्याच्या जानरावचं काम करून ये. मी जबान देल्ली आहे."

त्या जानरावची बैलबंडी आमीच रंगवत होतो. बोंडअळीनं कपाशी खाल्ली, चाऱ्याले पैसा उरला नाही, त्यानं बैलजोडी विकली. तवापासून तो धड जेवत नव्हता. अन पोळा तोंडावर आलेला.

त्याची बायको भागीरथाबाई शाहीनले म्हणे, "माय, भिंतीवर तरी जोडी राहू दे. पांढऱ्याचं डावं शिंग वाकडं होतं, इसरू नको."

शाहीननं फोन पिशवीत टाकला. जोडी उभी राहिली. शेवटी मी डोळे काढले. जानराव हळूच बोलला, "मले यायले उशीर झाला का हा असाच पाये."

पोळ्याच्या आदल्या सांजीले भागीरथाबाईनं रिवाजापरमानं भिंतीतल्या जोडीच्या खांद्याले हात लावला. "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

दुसऱ्या दिवशी गावातले सजलेले बैल त्या भिंतीपुढं थांबले. भागीरथाबाईनं पुरणपोळी पुढं केली, अन मित्रांनो, पांढऱ्यानं भिंतीतून तोंड काढून ती खाल्ली!

"कोणं काढलं वो हे?" जो तो पुसे. शेजारचा पुंजाजी वाकून वाकून पाये. "नाव तं दिसत नाही. आता बैलालेच पुसू का?"

गफ्फारमिया शाहीनसंगं पोळा पाहाले आलते. त्यायनं आधी कोपराच पाह्यला. कोपरा कोरा!

"बेटा, नाव कोठी आहे?"

फोनवर नाव आपोआप येते, लिहाची सवयच नव्हती शाहीनले.

"दिवसभर जगाले हाका मारते," ते म्हणाले, "अन दारात आलेल्या माणसाले नाव सांगत नाही?"

साऱ्यायच्या देखत तिनं पिशवीतून मले अन रंगाची डबी काढली. कोपऱ्यात वाकून नाव लिहलं. 'शाहीन, गफ्फार पेंटरची नात, राजापेठ.'

"मायावाल्या भिंतीवर कवा काढतं?" पुंजाजीनं तेथंच इचारलं. मंग त्याच्या साळ्यानं, मंग शाळेच्या मास्तरनं. आता शाहीन बाजाराच्या दिवशी एक चित्र फोनवर टाकते अन फोन ठेवून देते. बाकीचे दिवस माये आहेत.

मित्रांनो, काम झालं का मले धूत जा, केस सरळ करून ठेवत जा. अन कोपऱ्यात नाव लिहत जा. बारीक लिहा, पण लिहा.

जाता जाता एक सांगतो, केस झडाचं भेव वाटून राहिलं. पोळी भिंतीतल्या पांढऱ्यानं नाही खाल्ली. ते म्या जोडलं. पोळी जानरावनं खाल्ली, त्या भिंतीले पाठ टेकून, सावकाश, आख्खी.

बाकी सारं खरं आहे.