पाठीवरचा पासवर्ड

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे आणि आज मी जाम चिडलोय!

भाईंदर पश्चिमेच्या एका सोसायटीत, दत्तारामांच्या घरी मी राहतो. केसाएवढ्या काचेच्या तारेतून माझ्यापर्यंत उजेड धावत येतो. त्याचेच मी तुमचे व्हिडिओ, गाणी, अभ्यास करून देतो. माझ्या पोटातल्या चिपमध्ये कारखान्यातच एक गुप्त किल्ली कोरलीय. खोटा प्रोग्राम आला, की चिप त्याला दारातूनच हाकलते. एवढा पक्का बंदोबस्त! आणि या माणसांनी काय केलं?

दसऱ्याला माझी पूजा मांडली. माझ्या लुकलुकत्या दिव्यांवर कुंकू सांडू नये म्हणून दत्तारामांनी मला पाटावर पालथं घातलं.

"अहो, हार जरा सरकवा, फोटोत राउटर दिसू दे," त्यांची बायको उर्मिलाताई म्हणाल्या.

राउटर दिसला. पाठीच्या स्टिकरवरचा पासवर्डही दिसला, ठळक! फोटो थेट सोसायटीच्या ग्रुपवर. मी जीव तोडून ओरडलो, पण माझं ओरडणं म्हणजे नुसतं लुकलुकणं.

त्याच आठवड्यात कुणीतरी माझ्यात शिरलं आणि माझ्याच नेटवरून समोरच्या घरातल्या दिव्या नावाच्या मुलीला घाणेरडे मेसेज पाठवले. पोलिसांनी काढलेला माग आमच्या घराशी थांबला. दिव्याची आई, हंसाबेन, दारात हजर.

"रसिका ने ही भेजा होगा! दोनों का झगडा हुआ था ना?"

रसिका म्हणजे दत्तारामांची दहावीतली मुलगी. त्यांनी तिचा फोनच काढून घेतला.

"चल, माफी माग!"

"मी केलंच नाही, तर का मागू?"

"वर तोंड करून बोलतेस?"

माझी तर चिप तापली! तिला एकानेही धड विचारलं नाही. वर मलाच शिव्या, "हा डबाच भिकार!"

रसिका रडली नाही. आईच्या मोबाइलवर तिने पूजेचा फोटो मोठा केला आणि बाबांच्या नाकासमोर धरला.

"वाचा. मोठ्याने वाचा."

त्यांनी पासवर्ड वाचला. "अगं, पण पूजेच्या फोटोत पासवर्ड कोण बघतं?"

"ज्याला चोरायचाय तो!"

दत्ताराम उठले. मग एकटेच समोरच्या दारी गेले. मला सगळं ऐकू आलं.

"बेन, माफी मैं मांगता हूँ. गलती मेरी है."

चोर अजून मोकाट आहे. मित्रांनो, पासवर्ड बदला, स्टिकर झाका, एवढं तरी कराच! पण रसिका अजून बाबांशी बोलत नाही, आणि तिचं बरोबरच आहे. माझा पासवर्ड दोन मिनिटांत बदलला. आपल्याच बाबांनी आपल्याला गुन्हेगार ठरवलं, ते कसं बदलायचं? बोट दाखवण्याआधी विचारायला काय जातं तुमचं?