पुढच्यासाठी रचलेली चूल

बाई तळाच्या ओंडक्यांसमोर उकिडव्या बसल्या, हात फिरवला आणि म्हणाल्या, "हे मूळचे नाहीत."

ऑरेस्ट हालिचुक दोन पावलं पुढे आला. साळिंदर नाल्यावरची ही केबिन वारसा ठरली तर राहणार, नाही तर बर्फ पडल्यावर उद्यानवाले तिला काडी लावून मोकळे होणार, एवढा साधा मामला. आणि ठरवणार होत्या वारसा तपासायला आलेल्या या कोलेट टेसिएबाई.

वसंतात ऑरेस्टनं त्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं, "वरपासून खालपर्यंत जशीच्या तशी आहे." साफ खोटं! तळाचे ओंडके कुजून भुगा झाले होते आणि उद्यानाचे साहेब लोक दुरुस्तीला हो म्हणेनात, तेव्हा त्यानं आणि मर्डो फिनलेसननं एका उन्हाळ्यात गुपचूप नवे बसवले. दोघेही या डोंगरांत जन्मभर घोड्यावरून गस्त घातलेले वॉर्डन. नाल्याकाठचीच स्प्रूसची झाडं पाडली, कुऱ्हाडीनं खाचा घेतल्या, फटींत शेवाळ ठासलं, वरून काजळी चोळली. काम इतकं बेमालूम, की पुढे त्यांना स्वतःलाच शोधावं लागे. मग शपथ घेतली, मेलो तरी बोलायचं नाही.

"तुम्हाला कळलं कसं?" ऑरेस्टनं विचारलं.

"मर्डोंनी सांगितलं. ते नको नको म्हणत असताना तुम्ही एकट्यानं केलंत म्हणे."

ऑरेस्टनं वळून पाहिलं. मर्डो घोड्याचा पट्टा आवळत होता. मघाशीच आवळलेला.

"एकट्यानं? अहो बाई, एवढा ओंडका एकट्यानं उचलायला मी काय रेडा आहे? या खाचा बघा. सगळे घाव डाव्या हाताचे आहेत. आमच्यात डावखुरा कोण, विचारा त्याला!"

"घावांवर नाव नसतं," बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही मला एकदा खोटं सांगितलंत, आता नुसत्या तुमच्या शब्दावर मी काय लिहू? पण ऐका. वॉर्डनांनी इथल्याच लाकडानं, जुन्या पद्धतीनं केलेली डागडुजी हाही या केबिनचा इतिहासच आहे. तुम्ही दोघांनी मिळून सांगा, ती अजूनही वाचेल."

घ्या! इतकी वर्षं पाप म्हणून लपवलं, ते पुण्य निघालं. ऑरेस्टला हसावं की रडावं कळेना. "अरे मर्डो, सांग ना! आता कसली भीती?"

मर्डोनं टोपी काढली, परत घातली. "मी हात लावल्याचं तर मला आठवत नाही," तो म्हणाला.

बाईंनी मान हलवली. मग कॅमेरा घेऊन नाल्याकडे निघून गेल्या.

"मर्डो, माझ्याकडे बघ. काय मिळालं तुला?"

"उद्यानवाले नवी केबिन आणणार आहेत इथे. हेलिकॉप्टरनं," मर्डो जमिनीकडे बघत म्हणाला. "फिनलेसन केबिन. माझ्यामागे ना मूल ना बाळ, ऑरेस्ट. काहीतरी राहू दे की माझं."

"आणि हे कुणाचं आहे? या खाचा तुझ्याच हातच्या ना, लेका?"

"त्यांच्यावर कुठे माझं नाव आहे?"

ऑरेस्ट तडक आत गेला, सामान घ्यायला. लोखंडी चुलीत सकाळच्या चहाचा विस्तव विझून राख झाली होती. वॉर्डनांचा रिवाज असा, की निघण्याआधी पुढच्यासाठी चूल रचून जायची. खाली ढलप्या, वर बारीक लाकडं, आणि शेजारच्या फळीवर एक कोरडी काडी. येणाऱ्याची बोटं गोठलेली असली तरी त्यानं नुसती काडी ओढायची. एका जानेवारीत मर्डोचा पाय मोडला तेव्हा ऑरेस्टनं त्याला बर्फातून ओढत इथवर आणलं होतं. खिशातल्या काड्या भिजून गेलेल्या. कुणीतरी रचून ठेवलेल्या याच चुलीनं दोघांना वाचवलं. रात्रभर मर्डो त्याचा हात धरून म्हणत होता, "हे मी मरेपर्यंत विसरणार नाही रे." आणि आता म्हणे आठवत नाही! त्यानं ढलप्यांची टोपली पुढे ओढली, मग पायानं मागे सारली. फळीवरची काडी उचलली आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

मर्डो घोड्यावर बसला होता. जन्माची सवय, त्याच्या तोंडून निघून गेलं, "चूल रचलीस ना रे?"

"कुणासाठी?"

मर्डोचा चेहरा उतरला.

"हात पुढे कर," ऑरेस्ट म्हणाला.

मर्डोनं डावा हात पुढे केला. ऑरेस्टनं त्यावर ती काडी ठेवली.

"कोरडी आहे. जपून ठेव. बर्फ पडलं की तुलाच लागेल."