घसरणारा ऑसिलेटर

दादाच्या कंपनीत दादा बोलायचा आणि धाकटी काम करायची. घरातही लहानपणापासून हेच चालत आलं होतं, म्हणून कुणाला खटकलं नाही.

त्या चार टेबलांच्या ऑफिसात सॉफ्टवेअरचा सिंथेसायझर तयार होत होता, म्हणजे संगणकातच राहणारं वाद्य. त्यात मूळ सूर निर्माण करणारे भाग म्हणजे ऑसिलेटर, आणि ते सगळे धाकटीच्या गळ्यात. इतर वाद्यांत दोन ऑसिलेटर एकाच सुराला लावले की आवाज इस्त्री केल्यासारखा सपाट यायचा. धाकटीला आठवायच्या आई आणि मावशी. भांडी घासताना दोघी एकच गाणं म्हणायच्या. मावशी केसभर खाली उतरायची, मग आईला गाठायची, पुन्हा सुटायची. त्या ओढाताणीने स्वयंपाकघर भरून जायचं. आई गेली आणि मावशीने गाणं सोडलं.

धाकटीने दुसऱ्या ऑसिलेटरला मावशीची चाल शिकवली. कधी घसरायचं, किती, कुठे सावरायचं, यात तिने वर्ष घातलं. जास्त झालं की बेसूर, कमी झालं की निर्जीव. जमलं तेव्हा ती खुर्चीत बसून रडली. दादा डोकावला. "झालं ना? मग हस की!"

वाद्य गाजलं. कौतुकाच्या समारंभात निवेदिकेने दादाला विचारलं, "या आवाजात एवढी ऊब आली कुठून?"

"खरं सांगू? तो बग होता," दादा म्हणाला. "आमच्या धाकटीला एक ऑसिलेटर नीट लावताच आला नाही. मी म्हटलं, राहू दे, बरा वाटतोय!"

सभागृह खो-खो हसलं. धाकटी पहिल्याच रांगेत होती; तिलाही हसावं लागलं.

गाडीत ती म्हणाली, "तुला माहीत होतं ते मी कशावरून केलंय."

"अगं, लोकांना गंमत हवी असते. आई-मावशीचं रडगाणं कोण ऐकणार? राईचा पर्वत करू नकोस."

पुढच्या आवृत्तीत तिने ती घसरण काढूनच टाकली. बदलांच्या यादीत लिहिलं, 'ऑसिलेटरमधली चूक दुरुस्त केली.' आणि वाट पाहत बसली. आता लोक बोंबा मारतील, दादा धावत येईल, हातापाया पडेल.

कुणी ब्रदेखील काढला नाही. उलट काहींनी आभार मानले, आवाज आता स्वच्छ झाला म्हणे. दादाने येऊन तिच्या पाठीवर थाप मारली. "बघ, बगच होता ना! उगाच तोंड फुगवून बसली होतीस."

जुना ऑसिलेटर परत बसवणं तिच्या हातचा मळ होता. पण कुणासाठी बसवायचा, हेच तिला कळेना.

तिने कंपनी सोडली. आता ती रुग्णालयातल्या यंत्रांचे इशाऱ्याचे आवाज बनवते. तिथे सूर सरळच हवा. अधूनमधून दादाचा फोन येतो. "काय नवीन?" ती म्हणते, "काही नाही रे," आणि तो लगेच स्वतःचं पुराण सुरू करतो.