अठरावाला, आठवाला आणि खरेदी समिती

ढुंढिराज गायधनी चौतीस वर्षं ओझरजवळच्या एका कारखान्यात खरेदी विभागात होता. मी त्याच कारखान्यात लेखा विभागात. म्हणजे तो वस्तू घ्यायचा आणि का घेतल्या हे मी त्याला विचारायचो. दोघेही निवृत्त झालो, इंदिरानगरला एकाच सोसायटीत राहायला आलो. तो तिसऱ्या मजल्यावर, मी पहिल्या. त्यामुळे कागद वरून खाली येण्याचा क्रम तेवढा बदलला नाही.

त्याची मुलगी तेजश्री सत्तावीस वर्षांची. एका बुधवारी तिला पुण्याच्या कंपनीचं पत्र आलं. काम घरी बसून गेम तपासायचं: अजून बाजारात न आलेला गेम खेळायचा, त्यातल्या चुका शोधायच्या आणि लिहून कळवायच्या. अट एकच होती. त्या गेममध्ये एका वेळी चाळीस खेळाडू लागतात, तर ते चाळीस खोटे खेळाडू आपल्याच कॉम्प्युटरवर चालवायचे आणि त्याच कॉम्प्युटरवर आपण त्यांच्यात खेळायचं. पहिली फेरी बारा दिवसांनी, सोमवारी सकाळी दहाला. तोवर मशीन तयार नसेल तर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावण्यात येईल, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. तेजश्रीचा जुना लॅपटॉप ई-मेल उघडतानाच धापा टाकायचा, त्याचा काही उपयोग नव्हता.

गेम खेळायचे पैसे मिळतात म्हटल्यावर दुसऱ्या एखाद्या बापाने तोंड वाकडं केलं असतं. ढुंढिराजाने पत्र दोनदा वाचलं, त्यावर जावक क्रमांक आहे ना ते पाहिलं आणि खाली जाऊन पेढे आणले. इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग तो म्हणाला, "मशीन मी घेऊन देणार. रीतसर."

रीतसर हा शब्द ऐकताच गोदावरीवहिनी पेढ्यांची बशी उचलून आत गेल्या. त्यांच्या संसारातला पहिला मिक्सर कोटेशनं जमेपर्यंत सात महिने लांबला होता, हे सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे.

गुरुवारी आम्ही तिघे नईमच्या दुकानात गेलो. दुकान सारडा सर्कलजवळ. मोठ्या कंपन्यांनी काढून टाकलेले सर्व्हर हा माणूस आणतो, त्यातले प्रोसेसर तपासतो आणि नव्या बोर्डावर बसवून विकतो. तेजश्रीनेच त्याला शोधलं होतं. त्याच्याकडे तिच्या कामाचे दोन प्रोसेसर होते, दोन वेगळ्या मशीनमध्ये जोडून ठेवलेले.

"काका, हा अठरा कोरवाला आणि हा आठ कोरवाला," नईम म्हणाला. "साधं सांगतो. रविवारी मिसळीच्या हॉटेलात बघा. इकडे अठरा वेटर, पण चालणारे. तिकडे आठच, पण पळणारे. गर्दी सांभाळायची तर अठरा. एकाच टेबलाला झटपट पाहिजे तर आठ."

"आणि गेमिंगला?" ढुंढिराजाने वही उघडली.

"गेम म्हणजे ते एक टेबल. ताईंचे चाळीस खेळाडू म्हणजे गर्दी. त्यांना दोन्ही पाहिजे, तिथंच जरा पंचाईत आहे."

"पंचाईत काही नाही," तेजश्री म्हणाली. "अठरावाला द्या. गेम जड चालला तर मी चित्राची सेटिंग खाली आणीन. गवत भुरकट दिसेल, दिसू दे. खेळाडू गळले तर मात्र तपासायला काही उरणारच नाही."

हिशेबाला म्हणून नोंदवतो: त्या वेळी आम्हाला दुकानात शिरून चार मिनिटं झाली होती.

ढुंढिराजाने चष्म्यावरून लेकीकडे पाहिलं. "तू युजर आहेस. युजरने गरज सांगायची. निवड समिती करते."

"कोणती समिती?"

"स्थापन होईल."

ती शुक्रवारी स्थापन झाली. अध्यक्ष तो. वित्त सदस्य मी, कारण मी नाही म्हणालो तरी तो कागद माझ्या दाराखालून सरकवतो. भांडार सदस्य गोदावरीवहिनी, कारण मशीन कुठल्या टेबलावर ठेवायचं ते त्याच ठरवणार. तेजश्री विशेष निमंत्रित, मताधिकार नाही. तुलनात्मक तक्ता तयार झाला: कामगिरीला चाळीस गुण, गेमिंगला तीस, मूल्याला तीस. गेमिंग आणि कामगिरी यांत फरक काय, यावर शुक्रवारची संध्याकाळ गेली. गेम चालणं हीसुद्धा कामगिरीच की, असं मी म्हणालो. त्याने ते भिन्न मत म्हणून नोंदवलं आणि तक्ता होता तसाच ठेवला.

शनिवारी तांत्रिक चाचणी. दोन्ही मशीनवर तोच गेम, तीच जागा, तेच चाळीस खोटे खेळाडू. तेजश्री खेळायला बसली. ढुंढिराज तिच्या खुर्चीमागे स्टॉपवॉच घेऊन उभा राहिला, कारखान्यात लेथ मशीनच्या चाचणीला राहायचा तसाच.

अठरावाल्यावर चाळीसही खेळाडू ठणठणीत उभे राहिले, पण त्यांच्या घोळक्यात शिरलं की चित्र अडखळायचं. आठवाल्यावर चित्र लोण्यासारखं सरकत होतं, पण सव्वीस खेळाडू झाले की पुढचे एकेक करून गायब व्हायला लागायचे.

"चित्र अडखळलं, किती वेळा?" ढुंढिराजाने विचारलं.

"मोजलं नाही बाबा. मी सेटिंग अजून खाली आणलेलीच नाही."

"आणायची नाही. दोघांना समान अटी."

"अहो, खाली आणली की अडखळत नाही, हेच तर दाखवायचंय."

"ती सवलत झाली. एकाला सवलत दिली की दुसरा तक्रार करेल."

"दुसरा कोण?" नईमने विचारलं. "दुसराही मीच आहे."

ढुंढिराजाने हे वहीत उतरवून घेतलं. घरी येऊन गुणांची बेरीज झाली, कामगिरी आणि गेमिंग मिळून सत्तरपैकी. अठरावाला बावन्न. आठवाला बावन्न.

"मुद्दाम केलंस?" मी विचारलं.

"आकडे बोलतात, जयराम."

"आकड्यांना पुढच्या सोमवारपासून कामाला लागायचं नाहीये," तेजश्री म्हणाली आणि खोलीत गेली. दार आपटलं नाही, हे तिचे संस्कार. मी असतो तर आपटलं असतं.

आता सगळं मूल्याच्या तीस गुणांवर येऊन अडलं. यात ढुंढिराजाने विचारायची खोटी, नईमने दोन्ही भाव तिथल्या तिथे सांगितले असते. पण तोंडी भाव म्हणजे व्यवहार नव्हे. मंगळवारी तो दोन कोरी पाकिटं घेऊन दुकानात गेला आणि साक्षीदार म्हणून मलाही नेलं.

"काका, दोन्ही माझेच आहेत," नईम म्हणाला. "मी कुणाच्या विरुद्ध भाव भरू?"

"स्वतःच्या. स्पर्धा निकोप पाहिजे."

"मला दोन्ही भाव माहीत आहेत."

हा मुद्दा ढुंढिराजाला पटला. मला वाटलं, आता तरी उलगडलं. पण त्याने गल्ल्याकडे पाहिलं. तिथे नईमची बायको रुखसार बिलं करत बसली होती. दुकानाचा सगळा हिशेब तीच बघते. ढुंढिराजाने एक पाकीट तिच्या हातात दिलं. अठरावाल्याचा भाव तिने भरायचा, आठवाल्याचा नईमने, आणि दोघांनी पाठमोरं बसून.

"म्हणजे हिने मला भाव विचारायचा नाही?" नईमने विचारलं.

"मुळीच नाही."

"लग्नाला नऊ वर्षं झाली काका. तिने अजून एकदाही विचारलेला नाही."

"वर काही लिहिलं तर चालेल का?" रुखसारने विचारलं.

"शेरा असेल तर खाली लिहा. स्वच्छ अक्षरात."

तिने बराच वेळ लिहिलं. पाकिटं चिकटवून झाली, जोडावर सह्या झाल्या, आणि ती गायधन्यांच्या कपाटात कुलूपबंद झाली. त्याच संध्याकाळी उघडता आली असती. पण बुधवारी सकाळी ढुंढिराज खाली आला तो चेहरा पाडूनच.

"निविदा दोनच आहेत," तो म्हणाला. "तीन असल्याशिवाय पाकीट उघडता येत नाही."

"अरे, आपण आता कारखान्यात नाही. घरात आहोत."

"घर आहे म्हणून काय काहीही चालेल?"

बुधवार, गुरुवार, शुक्रवार तो तिसरा निविदादार शोधत हिंडला. एका दुकानात सगळा नवा माल, किंमत तिप्पट. दुसऱ्या दुकानदाराने सहज विचारलं की मशीन कशाला हवंय. ढुंढिराजाने खोट्या खेळाडूंपासून सुरुवात केली. पाच मिनिटांनी त्या माणसाला एक फोन आला, आणि फोन वाजलेला मात्र याला ऐकू आला नाही. तेजश्री रोज सकाळी बापाकडे बघायची, मग कॅलेंडरकडे. वहिनींनी टेबल रिकामं करून पुसून ठेवलं होतं, म्हणजे समितीतल्या एका सदस्याचं काम तरी वेळेत झालं होतं.

शनिवारी नईमचा फोन तेजश्रीला आला. मालेगावचं एक गिऱ्हाईक अठरावाला मागतंय, उद्या संध्याकाळी नईमच्या घरी न्यायला येतो म्हणतंय. "ताई, रविवारी मी दोनला शटर ओढतो. तोपर्यंत तुमचा. नंतर मला थांबवता येणार नाही."

रविवारी एक वाजता तेजश्री माझ्या दारात उभी राहिली.

"काका, तुमच्याकडे कधी निविदा न मागवता काही घ्यायचे का?"

"तातडीची खरेदी," मी म्हणालो. "एक कागद लागतो. तातडी का आली आणि कुणामुळे आली, हे खरेदी अधिकाऱ्याने स्वतः लिहायचं आणि खाली सही करायची. तुझ्या बापाने इतरांकडून असे ढीगभर लिहून घेतले. स्वतः एकही लिहिलेला नाही."

ती माझ्याच टेबलाशी बसली. वस्तू, कारण, दिनांक, सगळं नीट आखलं. 'तातडीस जबाबदार' या रकान्यात तिने लिहिलं: वडील.

"वित्त विभागाला हे चालणार नाही," मी म्हणालो. "नातं लिहायचं नसतं, हुद्दा लिहायचा. आणि तू नाही, त्याने."

तिने तो शब्द खोडरबराने पुसला आणि आम्ही वर गेलो.

ढुंढिराज फेरनिविदेची सूचना लिहीत होता. अक्षर सुंदर आहे त्याचं, हे मी कधीच नाकारलं नाही. तेजश्रीने कागद पुढे केला. त्याने वाचला, पुन्हा वाचला.

"तातडी ही नियोजनाअभावी निर्माण झाली, असं मी लिहायचं?"

"हो बाबा."

"चौतीस वर्षांत..."

"माहितीये." ती समोर बसली. "बाबा, तीन वर्षं अर्ज करतेय मी. त्यातलं हे पहिलं काम आहे जे मला खरंच येतं. दोनला दुकान बंद होईल. घरी आणून मांडायला संध्याकाळ जाईल आणि गेम उतरवायला रात्र. उद्या दहाला मी नसले तर ते दुसऱ्याला बोलावतील, आणि त्या दुसऱ्याच्या घरी समिती नसेल."

तो माझ्याकडे वळला. मी खिडकीबाहेर पाहिलं. वित्त विभागाने अशा वेळी तेच करायचं असतं. वहिनी आतून आल्या, त्यांनी त्याच्या हाताखालून फेरनिविदेचा कागद काढून घेतला आणि दुसरा त्या जागी सरकवला.

पेनाचं टोपण त्याने तीनदा लावलं आणि काढलं. मग लिहिलं: 'खरेदी अधिकाऱ्याने अकरा दिवस विनाकारण घेतले. वापरकर्त्याने पहिल्याच दिवशी योग्य वस्तू सांगितली होती, ते ऐकले गेले नाही.' खाली सही, दिनांक, हुद्दा. सेवानिवृत्त हा शब्द आधी राहिला होता, तो वर बारीक अक्षरात घातला. मी 'मान्य' लिहिलं. तेजश्रीने गाडीची किल्ली उचलली आणि गेली. कागद तिने वाचलासुद्धा नाही.

तिचं पाऊल जिन्यावर वाजत होतं तोवर ढुंढिराजाने नईमला फोन लावला.

"गायधनी बोलतोय. मुलगी निघालीय. अठरावाला. दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तर शटर ओढू नका."

"नाही ओढत. भाव काय धरू, काका?"

माझ्या आयुष्यात या माणसाला मी काडेपेटीही भाव ठरवल्याशिवाय घेताना पाहिलेलं नाही.

"पाकिटात असेल तो," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

दोनला पाच मिनिटं कमी असताना तेजश्रीचा निरोप आला: मिळालं, घेऊन निघालेय. तेव्हा त्याने कपाट उघडलं. रुखसारचं पाकीट फाडलं. चौसष्ट हजार पाचशे. खाली स्वच्छ अक्षरात शेरा होता: 'मशीनचे चौसष्ट. वरचे पाचशे उशिराचे. आमचं गिऱ्हाईक खोळंबतं.'

मी त्याच्या तोंडाकडे पाहत बसलो. त्याने कागद टेबलावर सपाट केला आणि कॅल्क्युलेटर ओढला.

"विलंबाला आपण दंड काय लावायचो? आठवड्याला अर्धा टक्का?"

"अर्धा. अपुरा आठवडा पूर्ण धरून."

"अकरा दिवस म्हणजे दोन आठवडे. सहाशे चाळीस बसतात." त्याने बेरीज पुन्हा केली. "बाईंनी कमी लावलेत."

त्याने चौसष्ट हजार सहाशे चाळीस पाठवले, आणि लगेच पावती मागितली. रुखसारने फोन करून विचारलं की वरचे एकशे चाळीस कशाचे. त्याने नियम समजावून सांगितला. चौदा मिनिटं लागली.

सोमवारी दहाला तेजश्रीच्या खोलीचं दार लागलं. साडेदहाला ढुंढिराज माझ्याकडे आला. हातात माल स्वीकृतीचा नमुना होता, तीन प्रतींत.

"युजरची सही राहिलीय," तो म्हणाला.

"चाळीस आहेत का सगळे?"

"एकेचाळीस. तिला धरून. मोठ्याने मोजत होती, मी दाराला कान लावला होता."

"मग सही संध्याकाळी घे."

"हो," तो म्हणाला आणि तिन्ही प्रती मांडीवर घेऊन माझ्याच खुर्चीत बसून राहिला, जेवायची वेळ होईपर्यंत.