गठुड्याची अदलाबदल

बायको जाऊन चौथा महिना लागला होता, तेव्हा तिच्या नावाचं पार्सल आलं. पार्सलवाला म्हणाला, "सही त्यांचीच लागेल." मी म्हटलं, "मी करतो, द्या." त्याला सगळं सांगत बसलो नाही.

आत खेळाची डबी होती. हातात मावेल एवढ्या मशीनवर ही हा खेळ खेळायची. गवतात, गुहांत चित्रविचित्र प्राणी फिरत असतात. ते पकडायचे, वाढवायचे, दुसऱ्यांच्या प्राण्यांशी झुंजवायचे. कामाला जाताना बसमध्ये वीस मिनिटं, येताना वीस मिनिटं, अशी सहा वर्षं. डबीवर लिहिलं होतं, 'सुधारित आवृत्ती'. खेळ तोच, पण त्यात काही नवी बेटं आणि नवे प्राणी घातलेले. बाजारात येण्याआधीच हिने मागवून ठेवली होती.

रविवारी मुलगी आली. तिने आईचं मशीन चालू केलं आणि प्राण्यांची यादी दाखवली. सगळे वाढून मोठे झालेले, एक सोडून. फडक्यात काहीतरी बांधून वर गाठ मारावी तसं ते होतं, आणि खालून दोन पाय. हिने त्याचं नाव ठेवलं होतं गठुडं.

"हे का नाही वाढलं?"

"ते लढवून वाढत नाही, बाबा. दुसऱ्या माणसाला द्यावं लागतं. दोन मशीन वायरने जोडायची, तो आपल्याला एक देतो, आपण त्याला एक. जाता जाता ते बदलतं."

"मग तू का नाही घेतलंस?"

"म्हटलं होतं मी. तर म्हणाली, तुझे बाबा घेतील. तुम्हाला विचारलं होतं ना तिने?"

विचारलं होतं. दोनदा. माझं पंखे, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्तीचं दुकान आहे. दोन्ही वेळा मी कुणाच्यातरी मिक्सरमध्ये डोकं घालून बसलो होतो. "हे काय वय आहे का माझं?" म्हणालो होतो.

"बदलून काय होतं ते?"

"सांगू?"

"तुझ्या आईला माहीत होतं?"

"छे. कुणाला सांगूच द्यायची नाही. स्वतः बघणार म्हणायची."

"मग मलाही सांगू नकोस."

मुलीने तिचं जुनं मशीन मला दिलं. अदलाबदल करायची सोय खेळातल्या तिसऱ्या गावात, तिथवर खेळत जावं लागतं. मी नवी आवृत्ती त्यात घातली आणि दुकानात बसून सुरू केली. पहिल्याच दिवशी एक गोगलगाय सापडली. ती कुणाकडूनही हरायची.

"काका, माझी इस्त्री झाली का?"

"जरा थांबा हो, गोगलगाय मरतेय."

गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरकलं.

सव्वीस दिवसांनी तिसऱ्या गावात पोचलो. मुलगी वायर घेऊन आली. तिने दोन्ही मशीन टेबलावर ठेवून जोडली आणि पडद्याकडे बघत राहिली.

"बाबा, खेळ सुरू करताना नाव विचारलं होतं, तिथे काय लिहिलंत?"

"हिचं."

"का पण?"

"पार्सल हिच्या नावावर होतं."

दुकानात कुठलीही वस्तू आली की आधी मालकाच्या नावाची चिठ्ठी चिकटवायची, मग स्क्रू काढायचा. तीस वर्षांची सवय. मी उघडला म्हणून मिक्सर माझा होत नाही. आता पडद्यावर देणाऱ्याच्या जागी हिचं नाव होतं आणि घेणाऱ्याच्या जागीही हिचंच.

"असू दे," मुलगी म्हणाली. "काही बिघडत नाही. बदलायचं ते बदलेलच. दाबू?"

"थांब. हे तर तिने तिलाच दिल्यासारखं झालं."

"अहो, खेळ आहे तो."

"तिला ते मला द्यायचं होतं. नाव बदल ना."

"बदलता येत नाही. पहिल्यापासून खेळावं लागेल. सव्वीस दिवस, बाबा! गोगलगाय पण जाईल."

गोगलगाईचं ऐकून जरा जिवावर आलं. पण म्हटलं, "पुसायचं कसं ते दाखव."

दुसऱ्या खेपेला माझं नाव लिहिलं. वाटा पाठ झाल्या होत्या, सतरा दिवसांत पोचलो. नव्या बेटावरचा एक निळा पक्षीही वाटेत पकडला. म्हटलं, गठुड्याच्या बदल्यात हिला चांगलं काहीतरी द्यावं. पण हिच्या मशीनने पक्षी घेतलाच नाही. मुलगी म्हणाली, जुन्या आवृत्तीला नवे प्राणी ओळखूच येत नाहीत. मग गोगलगाय दिली. ही दुसरी, पण हरण्यात पहिलीसारखीच.

"आता तुम्हीच दाबा," मुलगी म्हणाली.

एका हातात हिचं मशीन धरलं, दुसऱ्या हातात माझं, आणि दोन्ही अंगठ्यांनी एकदम दाबलं. हिच्या पडद्यावरून गठुडं गेलं. क्षणभर ते कुठेच नव्हतं. मग माझ्या पडद्यावर आलं आणि थरथरायला लागलं. दोन पायांचे चार झाले. पाय लांब झाले, समोरून मान निघाली, मोठे कान फुटले. झालं गाढवासारखं काहीतरी. आणि गठुडं त्याच्या पाठीवर, होतं तसंच बांधलेलं.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. याच्या पुढे नाही वाढत ते."

"मग गठुड्यात काय आहे?"

मुलगी हसायला लागली. "कुणालाच माहीत नाही, बाबा. खेळणारे अजून भांडतात त्यावरून."

"मशीन याला मागच्या बाजूने दाखवतं का?"

"जुन्यात नाही. तुमच्या आवृत्तीत पडद्यावर आपण चालू लागलो की प्राणी मागे मागे येतो म्हणे. बघा त्या गावाबाहेर नेऊन."

मी चष्मा पुसला आणि त्याला घेऊन गावाबाहेरच्या रस्त्याला लागलो. ते माझ्या मागून टकटक येत होतं. मी थांबलो की थांबायचं. चारदा गोल फिरलो तेव्हा कुठे ते वळणावर पुढे सापडलं आणि पाठ दिसली. मशीन डोळ्यांजवळ धरलं. गाठ नीट दिसत होती. सुरगाठ होती, एक टोक ओढलं की सुटेल अशी.

"अगं, इकडे ये," मी मुलीला म्हटलं. "ओढायचं बटण कुठलं?"